न झालेल्या विजयाचे रोडगे

पिचर बदलली आणि हरलो, तर मॅनेजर गाढव. पिचर बदलली नाही आणि हरलो, तर मॅनेजर महागाढव. पिचर बदलून जिंकलो, तर पोरींनी कमाल केली. बेसबॉलचा हा एकच नियम मला इतक्या वर्षांत पक्का कळला आहे. बाकीचे पुस्तकात छापलेले आहेत, ते कोणीही वाचावेत.

मी प्रणिता इंगोले, अमरावतीच्या मुलींच्या संघाची मॅनेजर. त्याआधी शाळेत पी.टी. शिकवायचे. आमच्याकडे पोरी शाळेत सॉफ्टबॉल पूर्वीपासूनच खेळत आल्या. पुढे मुलींच्या बेसबॉलची लीग निघाली, टीव्हीवर दिसू लागली, आणि ज्या लोकांनी आयुष्यात कधी बॅट धरली नव्हती ते पानठेल्यावर उभे राहून मला मॅनेजरकी शिकवू लागले.

त्यांना शिकवायला सगळ्यात आवडणारा विषय म्हणजे पिचर. मैदानाच्या मधोमध एक उंचवटा असतो. त्यावर उभी राहून ती चेंडू फेकते, आणि सामना बराचसा तिच्या हातात असतो. हात थकला की ती बदलायची, पण नेमकी कधी, हे मॅनेजरनं ठरवायचं. क्रिकेटमध्ये कप्तान स्वतः खेळत असतो, त्यामुळे शिव्या वाटून जातात. इथे मॅनेजर बाकावरून उठते, सगळ्या जगादेखत उंचवट्यापर्यंत चालत जाते, हात पुढे करते आणि पोरीच्या हातातला चेंडू काढून घेते. पुढच्या सगळ्या शिव्या तिच्या एकटीच्या.

दोन हजार चव्वेचाळीस सालची अंतिम फेरी नाशिकला होती, कोल्हापूरशी. आमची पिचर ईश्वरी, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, वंदनाची मुलगी. चेंडू कसा धरायचा, कसा टाकायचा हे तिला मीच शिकवलं, वंदनाच्या अंगणात, नेमासाठी चिंचोके मांडून. मैदानावर ती मला 'मॅडम' म्हणते आणि घरी 'मावशी'. हे तिनंच ठरवलं होतं, शाळेत असताना.

सातवा, म्हणजे शेवटचा डाव होता. आम्ही एका धावेनं पुढे. कोल्हापूरच्या दोघी बाद झाल्या होत्या, आणि दोघी बेसवर, म्हणजे धावेच्या अर्ध्या वाटेवर, उभ्या होत्या. ईश्वरीचं कोपर खाली यायला लागलं होतं, आणि कोल्हापूरच्या पोरी तिला तिसऱ्यांदा खेळत होत्या. तिचा चेंडू आता त्यांच्या ओळखीचा झाला होता. मी उठले. उंचवट्यावर जाऊन हात पुढे केला, तर तिनं मूठ उघडलीच नाही.

"मॅडम, थांबा न. होते माह्याकडून."

"दे."

"मावशी, एकच बॅटर. फक्त एक."

भर मैदानात 'मावशी' म्हणाली. मी तिची बोटं सोडवून चेंडू घेतला आणि तनुजा राठोडच्या हातात दिला. तनुजा आमची राखीव पिचर, दारव्ह्याकडची, शांत पोरगी, मिळेल तेवढं खेळायची. तिचा तिसराच चेंडू कोल्हापूरच्या बॅटरनं उचलून लांब टाकला. बेसवरच्या दोघी धावत घरी, म्हणजे बॅटरच्या जागेवर, आल्या आणि दोन धावा झाल्या. आम्ही हरलो.

आता हे काही जगात पहिल्यांदा घडलं नव्हतं. पूर्वी अशा पराभवावर महिनाभर भांडणं चालायची आणि शेवटी कोणीतरी शहाणा म्हणायचा, 'जाऊ द्या हो, ती पहिली राहिली असती तरी हरलेच असते, कोणाला ठाऊक?' या 'कोणाला ठाऊक'वर आम्ही सगळ्या मॅनेजर जगत होतो. त्या वर्षी 'पर्याय' आलं आणि आमचं तेवढं अंथरूणही काढून घेतलं.

'पर्याय' हे यंत्र म्हणण्यापेक्षा हिशेब आहे. मैदानाभोवतीचे कॅमेरे प्रत्येक खेळाडूची हालचाल सांध्या-सांध्यानं टिपतात. कपड्यांत विणलेले धागे नाडी, श्वास, स्नायूंचा ताण सांगतात. असं वर्षानुवर्षं साठत गेलं की त्या पोरीची एक प्रतिकृती संगणकात तयार होते. ती तिच्यासारखीच दमते, दमल्यावर तिच्यासारखंच कोपर पाडते, समोर डावखुरी बॅटर आली की तिच्यासारखीच बिचकते. अशा सगळ्या पोरी उभ्या करायच्या, मॅनेजरनं निर्णय घेतला तो क्षण पकडायचा आणि तिथून निर्णय उलटा करून सामना पुढे खेळवायचा. एकदा नाही, हजारो वेळा. कारण बोट केसभर सरकलं तरी चेंडू हातभर सरकतो. मग ज्या बाजूचे निकाल जास्त, त्यांतला एक सामना निवडायचा आणि त्याचा चित्रपट त्याच संध्याकाळी सगळ्यांना दाखवायचा.

चित्रपट म्हणजे खरोखरचा. तेच मैदान, तेच ऊन, त्याच पोरी. खरा कुठला आणि हा कुठला, हे मलासुद्धा सांगता येत नाही.

नाशिकच्या हॉटेलात जेवणाच्या टेबलावर आम्ही तो बघितला. त्यात मी बाकावरून उठतच नाही. ईश्वरी चेंडू फेकते, बॅटर चुकते. पुन्हा फेकते, पुन्हा चुकते. तिसरा चेंडू बॅटरमागे बसलेल्या कॅचरच्या हातमोज्यात फाडकन बसतो आणि अमरावती जिंकते. पोरी टेबलं बडवायला लागल्या. काही जणी रडल्या. ईश्वरी एकटक बघत होती, तोंड किंचित उघडं, हातातला घास हातात.

तनुजा माझ्या शेजारी होती. ती हळूच म्हणाली, "मॅडम, याच्यात मी कुठंच नाही."

खरंच नव्हती. कॅमेरा बाकाकडे वळलाच नव्हता. मी तिला म्हटलं, जेव तू. 

अमरावतीला परत आलो तर राजकमल चौकात हे एवढं फ्लेक्स. त्यावर ईश्वरी हात उंचावून उभी, खाली बाळूभाऊ गावंडे नगरसेवक हात जोडून, आणि मजकूर, 'पर्यायी विजेत्या ईश्वरीचे हार्दिक अभिनंदन!' मला वाटलं, कोणीतरी चेष्टा केली. पण चेष्टा नव्हती. गुलाल आला, डीजे आला, उघडी जीप आली. हरलेल्या पोरीला जीपवर चढवून गावभर फिरवलं आणि लोक माडीवरून फुलं टाकत होते. माझ्या घराच्या फाटकावर कोणीतरी फाटकी चप्पल अडकवून गेलं. ती चांगली नवीन असती तर वापरली तरी असती.

त्याहून मोठी गंमत वंदनानं केली. तिनं महादेवाला रोडग्यांचा नवस बोलला होता, पोरगी फायनल जिंकू दे म्हणून. आमच्याकडे नवस फेडायचा तर असाच फेडतात. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी करायची आणि गावजेवण घालायचं. मी तिला फोन केला.

"वंदे, नवस जिंकल्याचा होता ना?"

"मंग जिंकलीच न थे."

"अगं, हरलो आपण. करंडक कोल्हापुरात आहे."

"थो तुह्यामुळं, ताई," ती म्हणाली. "पोट्टीनं तं तिचं काम केलं. देवानंबी त्याचं काम केलं. मधात तू आलीस, तं त्याले देव काय करीन? नवस ठेवू काय मी अंगावर?"

मी फोन ठेवला. पुजाऱ्यानंही मान डोलावली. देवळाच्या आवारात पंगती बसल्या. मी गेले, कारण सख्ख्या बहिणीच्या घरचं जेवण टाळलं की वर्षभर तेच ऐकावं लागतं. वंदनानं माझ्या पानात वांग्याची भाजी वाढली, रोडगा फोडून वर तूप ओतलं आणि म्हणाली, "पोटभर जेव. राग नाई माह्या मनात." म्हणजे होता. ईश्वरी वाढायला आली. पानाशी वाकून विचारलं, "मॅडम, अजून भाजी?"

देवळाच्या आवारात, भर पंगतीत, मॅडम. भाजी तिखट होती म्हणून बरं, डोळ्यांत पाणी आलेलं खपून गेलं.

नवस एकदा फेडला की माणूस देवाकडे पुन्हा तेच मागत नाही. ईश्वरीचं तसंच झालं. सरावाला यायची, पण उशिरा. पूर्वी एक चेंडू मनासारखा पडला नाही तर अंधार पडेपर्यंत मैदान सोडायची नाही. आता चार चेंडू टाकून सावलीत जाऊन बसायची. मोबाईलवर चित्रपटातले ते तीन चेंडू चालू असायचे. एक, दोन, फाडकन. मी म्हणायचे, कोपर वर ठेव, तर म्हणायची, "त्यात तं असंच होतं मॅडम, तरी जिंकली." बोलताना ती 'जिंकली असती' म्हणत नव्हती. 'जिंकली' म्हणायची. त्या दिवशी कसं ऊन होतं, शेवटच्या चेंडूच्या वेळी बोटांना कसं वाटलं, हेसुद्धा सांगायची. आणि ऐकणारे माना डोलवायचे, कारण त्यांनीही ते बघितलं होतं.

गेलेली ट्रॉफी मला परत नको होती. मला ती चेंडू न सोडणारी पोरगी परत हवी होती, बस.

हंगामाआधी पोरींची नवी मापं घ्यायला 'पर्याय'चा इंजिनिअर आला. निहार कर्वे, पुण्याचा. नम्र, आणि त्या नम्रतेचाच राग येईल असा. कॅमेऱ्यांच्या कड्यात एकेका पोरीला उभं करून हात-पाय हलवायला लावत होता. जेवणाच्या सुटीत मी त्याला चहा दिला आणि विचारलं, "नाशिकचा सामना तुमच्या हिशेबात किती वेळा जिंकलो आम्ही?"

तो चाचरला. "मॅडम, साधारण शंभरातल्या साठ वेळा. थोडं कमीच."

"आणि चाळीस वेळा?"

"हरलात. पण दाखवताना एकच दाखवतो आम्ही. प्रेक्षकांना आकडा दिला तर ते चॅनल बदलतात."

"अहो, हवामान खातंसुद्धा पावसाची शक्यता साठ टक्के सांगतं. पण पाऊस पडल्याचा सिनेमा काढून दाखवत नाही. तुम्ही दाखवलात, आणि माझी माणसं कोरड्या रस्त्यावर छत्र्या उघडून फिरतायत."

तो हसला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. कप खाली ठेवला. मग म्हणाला, "इंगोले मॅडम, हरलेल्या आवृत्त्यांपैकी काही मी तुम्हाला दाखवू शकतो. बघायच्यात?"

क्रीडासाहित्याच्या खोलीत बसून मी त्या बघितल्या. एकीत चेंडू हातून सुटून बॅटरच्या खांद्यावर बसला. एकीत आमच्या पोरीनं सोपा झेल सोडला. बऱ्याच आवृत्त्यांत एकच गोष्ट होती, दमलेल्या हातानं चेंडू मध्यावर ठेवला आणि समोरचीनं तो उचलला. म्हणजे तनुजाचं झालं तेच. मला वाटलं होतं, हे बघून बरं वाटेल. नाही वाटलं. मी बरोबर होते हे काही त्यातून सिद्ध होत नव्हतं. साठ म्हणजे साठच. पण त्या हरणाऱ्या ईश्वऱ्या मला ओळखीच्या वाटल्या. हरल्यावर त्या उंचवट्यावर उभ्या राहायच्या, काय चुकलं ते बघत असल्यासारख्या.

मी ईश्वरीला बोलावलं. म्हटलं, ये, बघ.

तिनं अर्धी बघितली आणि टॅब्लेट उलटा ठेवला. "ह्या फालतू हायेत मॅडम. हारलेलं कोन पाह्यते? खरी थे एकच."

"खरी कुठली गं? खऱ्यात आपण हरलो."

"खऱ्यात मी नव्हतीच," ती म्हणाली. "तुमी काढलं न मले."

ती गेली. कर्वे वायरी गुंडाळत होता, त्यानं मान वर केली नाही.

पंचेचाळीसची अंतिम फेरी अमरावतीलाच होती. हे सांगते आणि मोकळी होते. याच्यावर आता इतकं बोलून झालंय की मला माझाच कंटाळा आलाय. समोर पुन्हा कोल्हापूर. आम्ही पुन्हा एका धावेनं पुढे, शेवटचा डाव, दोघी बाद, तिसरीला बाद केलं की करंडक आमचा. त्यांच्या दोघी बेसवर. बॅटिंगला जी आली तिनं त्या दिवशी ईश्वरीला आधीच दोनदा धुतलं होतं. तनुजा हात गरम करून तयार होती, आणि वर्षभर एकही सराव न चुकवल्यामुळे ती आता चांगली पिचर झाली होती. काय करायचं हे पानठेल्यावरचा माणूसही सांगू शकला असता. मी उठले.

गेल्या वर्षीची मूठ मला आठवत होती, त्यामुळे काय बोलायचं ते मनात जुळवत चालले होते. पण मी उंचवट्यापाशी पोहोचायच्या आधीच ईश्वरीनं चेंडू पुढे केला.

"घ्या मॅडम."

चेहऱ्यावर राग नाही, रडू नाही. पाहुण्याला पाण्याचा पेला द्यावा तसा दिला.

"भांडत नाहीस?" मी विचारलं.

"काह्यले भांडू? संध्याकाळी पाहूच न." ती घाम पुसत म्हणाली. "तिथं मी टाकतेच."

मला भीती वाटली. सामना हरायची भीती मी खूपदा खाल्ली आहे, तिची चव माहीत आहे; ही ती नव्हती. ही पोरगी इथून निघून गेली होती. इथे नुसतं तिचं अंग उभं होतं, ते चेंडू देऊन मोकळं व्हायला आलं होतं. मी तिला आज काढलं तरी ती संध्याकाळी जिंकणार होती, उद्या जीपवर चढणार होती, आणि वंदना बहुतेक पुन्हा रोडगे करणार होती. आणि ही पुन्हा कधी कोणाशी चेंडूसाठी भांडणार नव्हती.

पंच घाई करायला आला. तनुजा कुंपणाजवळून दोन पावलं पुढे आली होती.

मी चेंडू ईश्वरीच्या हातात परत ठेवला.

"टाक," म्हटलं.

"मॅडम, तनुजा..."

"तनुजा बसेल. तू टाक. हरलीस तर इथंच हरशील, सगळ्यांसमोर, आणि ते तुझं असेल."

"पन मावशी, हारलो तं?" तिचा आवाज बदलला. वर्षभरानं तिच्या डोळ्यांत काळजी दिसली. मला तिचा गालगुच्चा घ्यावासा वाटला, पण टीव्हीवर बरं दिसलं नसतं.

"तर हरलो," म्हणाले आणि परत फिरले.

हा निर्णय चूक होता. तो मी संघासाठी घेतला नाही, हे उघड आहे. मॅनेजरला असा निर्णय घ्यायचा अधिकार नसतो, आणि बाकीच्या पोरींनी वर्षभर काही माझ्या भाचीसाठी घाम गाळला नव्हता. तनुजा बाकावर येऊन बसली. हातमोजा काढला, मांडीवर ठेवला. तिनं माझ्याकडे बघितलं असतं तर बरं झालं असतं. 

ईश्वरी लढली, हे मात्र मी कोणासमोरही सांगेन. पहिला चेंडू वाइड गेला. दुसरा बसला. तिसऱ्याला बॅटरनं नुसता धक्का दिला, चौथ्यालाही. कॅचरनं कुठला चेंडू टाकायचा याची खूण केली, ती ईश्वरीनं मानेनं नाकारली, दुसरी मागितली. वर्षभरात तिनं एकदाही खूण नाकारली नव्हती. कोपर वर होतं. दात ओठांवर होते. गर्दी उभी राहून ओरडत होती, आणि मी अख्ख्या आयुष्यात इतकं मन लावून काही बघितलं नसेल.

मग एक चेंडू मध्यावर राहिला.

बॅट लागल्याचा आवाज आला तेव्हाच कळलं. वर बघायची गरज नव्हती. कोल्हापूरच्या दोघी घरी आल्या आणि त्यांच्या पोरी एकमेकींवर उड्या मारू लागल्या.

बाटल्या आल्या. पाण्याच्या, निम्म्या भरलेल्या. आमच्या लोकांना रागात पाणी वाया घालवायचीही लाज नाही. खिशात फोन थरथरत होता. क्लबचे चिटणीस असणार, आणि ते काय म्हणणार हे मला माहीत होतं, त्यामुळे उचलला नाही. मोठ्या पडद्यावर झगमग अक्षरं आली, 'तनुजा आली असती तर? बघा आज संध्याकाळी!' लोक त्याकडे वळले आणि बाटल्या थांबल्या.

ईश्वरी उंचवट्यावरच उभी होती. बाकीच्या पोरी आत गेल्या तरी हलेना. मी गेले. मला बघितल्यावर तिचा चेहरा मोडला आणि ती लहानपणी रडायची तशी, नाक-डोळे सगळं एक करून रडली.

"मी हारली मावशी."

"हो."

"खरंच हारली."

"हो गं बाई. खरंच."

"तुनं मले काऊन ठेवलं? तनुजा होती न! थिनं काढलं असतं तिले!" तिनं माझ्या दंडावर बुक्की मारली, चांगली जोरात. "काऊन नाई काढलं मले?"

दंड दुखत होता आणि मला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची लाज वाटत होती. मी तिला जवळ घेऊन उभी राहिले. पडद्यावर जाहिरात पुन्हा सुरू झाली. तिची पाठ तिकडे होती आणि ती वळली नाही.

मग तिनं बाहीला नाक पुसलं. बॅटर उभी होती त्या जागेकडे बघत राहिली.

"थो बाहेर टाकाले पायजे होता काय?"

"बाहेर," मी म्हटलं. "आणि गुडघ्याच्या खाली."

"मंग मधात कसा गेला?"

"सोडायची घाई केलीस. बोट आधी सुटलं."

तिनं रिकामा हात वर केला, बोटं वळवली, मनगट हळूच फिरवून पाहिलं. पुन्हा फिरवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "दाखव बरं."

चेंडू नेमका कुठे यायला हवा होता ते दाखवायला मी कॅचरच्या जागेकडे चालू लागले.